जनरलसाहेबांचा अहवाल

‘पाच वर्षं देश मिलिटरीच्या ताब्यात द्या, मग बघा कसे सुतासारखे सरळ येतात सगळे!’ हे वाक्य आपल्याकडं लग्नाच्या पंगतीपासून सोसायटीच्या सभेपर्यंत कुठंही ऐकू येतं. म्हणणाऱ्याला लष्करशाही हवी असते असं मुळीच नाही. शेजारच्या देशात तिनं काय दिवे लावले ते त्यालाही ठाऊक असतं. त्याला हवा असतो पैसे न खाणारा, वेळेवर येणारा, आमदाराचा फोन आला म्हणून फाइल न फिरवणारा माणूस. असा माणूस फक्त फौजेतच तयार होतो, ही त्याची समजूत. म्हणून निवृत्त कर्नल किंवा ब्रिगेडियर निवडणुकीला उभा राहिला की पोस्टरवर आधी हुद्दा येतो, मग नाव, आणि पक्ष कुठला ते त्यानंतर.

या समजुतीची खरी परीक्षा उत्तराखंडात झाली. मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी तिथं दोनदा मुख्यमंत्री होते. महाराष्ट्रात त्यांचं नाव आज फारसं कुणी काढत नाही, पण पुण्याहून साताऱ्याला, कोल्हापूरला मोठ्या रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण त्यांचं थोडंफार देणं लागतो. त्यांची कारकीर्द बघितल्यावर माझं मत असं झालंय की, फौजी माणसाकडं आपण शिस्त मागतो ही मागणीच फसवी आहे. हाताखाली हुकूम पाळणारी यंत्रणा असेल तिथं शिस्त चालते, नसेल तिथं ती नुसता ताठा ठरते. राजकारणानं फौजेकडून घ्यावी अशी चीज दुसरीच आहे. जमिनीवर जे दिसतं ते वरच्याला आवडो न आवडो, आहे तसं लिहून कळवायचं, ही सवय. तिचं आपण काय करतो, ते या एका माणसाच्या गोष्टीत स्पष्ट दिसतं.

खंडुरींचा जन्म १९३४ चा, डेहराडूनचा. १९५४ मध्ये ते लष्कराच्या इंजिनिअर्स कोअरमध्ये दाखल झाले. पुण्याच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये शिकले. १९७१ च्या युद्धात रेजिमेंटचं नेतृत्व केलं, १९८२ मध्ये अतिविशिष्ट सेवा पदक मिळालं, आणि छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर १९९० साली ते निवृत्त झाले. सॅपर, म्हणजे फौजेतला इंजिनिअर, काय करतो ते खडकीच्या आसपास राहणाऱ्याला सांगायला नको. पूल बांधायचा, सुरुंग काढायचे, रस्ता मोकळा करायचा, मगच मागून पलटण पुढं सरकणार. सॅपरनं ‘पूल तयार आहे’ असं खोटं कळवलं तर पहिला रणगाडा नदीत जातो. अशा नोकरीत खरं लिहिण्याची सवय हा सद्गुण बिद्गुण नसतो, ती कामाची पहिली अट असते.

निवृत्तीनंतर वर्षभरातच, १९९१ मध्ये, ते भाजपच्या तिकिटावर गढवालमधून लोकसभेत गेले. इथं जरा थांबायला हवं. सैन्यातून उतरून इतक्या लवकर प्रचाराच्या व्यासपीठावर चढावं का? आपल्याकडं त्याला कायद्याची आडकाठी नाही. मोठ्या हुद्द्यावरच्या अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर खासगी कंपनीत जायचं तर काही काळ थांबावं लागतं, लोकसभेला उभं राहायला मात्र लगेच मुभा. माझ्या मते हे उलटं आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय. १९९६ ला ते हरले, १९९८ ला पुन्हा जिंकले. गढवाल हा तसा फौजींचाच मुलूख. लॅन्सडाउनला गढवाल रायफल्सचं केंद्र आहे, आणि घरातला कर्ता माणूस पलटणीत, घर मनीऑर्डरवर, ही तिथली जुनी रीत. कोकणाला मुंबईची मनीऑर्डर होती, गढवालला सीमेवरची.

त्यांचं नाव झालं ते रस्त्यांमुळं. नोव्हेंबर २००० मध्ये ते वाजपेयी सरकारात रस्ते वाहतूक खात्याचे स्वतंत्र कार्यभार असलेले राज्यमंत्री झाले आणि २००३ मध्ये कॅबिनेट मंत्री. दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता जोडणारा सुवर्ण चतुष्कोन ५,८४६ किलोमीटरचा. त्याची मुंबई–चेन्नई बाजू पुणे, सातारा, कराड, कोल्हापूर करत बेळगावकडं उतरते. योजना खंडुरींच्या आधी जाहीर झालेली होती, पेट्रोल-डिझेलवर लिटरमागं एक रुपयाचा उपकरही त्यांच्या आधीचा. पण योजना जाहीर होणं आणि डांबर पडणं यांत आपल्या देशात एक पिढी सहज जाते. ती गेली नाही, याचं श्रेय बऱ्याच अंशी त्यांचं. मूळचा दुपदरी रस्ता, समोरून ट्रक आला की डाव्या अंगाला मातीत उतरायचं, हे ज्यांनी सोसलंय त्यांना फरक सांगायची गरज नाही. (रस्त्याकडेचे वड गेले, त्याची हळहळही त्याच पिढीला आहे.)

इथं शिस्त चालली, आणि का चालली तेही उघड आहे. पैसा ठरलेला होता आणि तो दुसरीकडं वळवता येत नव्हता; २००० च्या केंद्रीय रस्ते निधी कायद्यानं तशी सोय केली होती. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण हाताशी होतं. पंतप्रधान पाठीशी होते. कुठल्या तालुक्याच्या आमदाराची मर्जी राखायची नव्हती. म्हणजे वरून खाली हुकमाची सरळ साखळी होती, जशी फौजेत असते. जनरलला जनरलसारखं वागता आलं, कारण मैदानच तसं मिळालं.

पण याच रस्त्यावर एक प्रकरण घडलं. खंडुरींचं कौतुक करणारे ते सहसा वगळतात, मला ते वगळता येत नाही. सत्येंद्र दुबे हा कानपूर आयआयटीचा तरुण इंजिनिअर प्राधिकरणात नोकरीला होता आणि चतुष्कोनाच्या बिहार-झारखंडमधल्या टप्प्यावर काम करत होता. ठेकेदार काम परस्पर दुसऱ्याच छोट्या मंडळींकडं सोपवतात, कामाचा दर्जा बघितला जात नाही, पैशाची लूट चालली आहे, असं त्यानं २००२ मध्ये थेट पंतप्रधानांना लिहून कळवलं. स्वतःचं नाव वेगळ्या कागदावर दिलं आणि ते गुप्त ठेवावं अशी विनंती केली. पत्र पंतप्रधान कार्यालयातून रस्ते मंत्रालयात गेलं, तिथून प्राधिकरणात आलं, आणि प्रत्येक टेबलावर नावासकट फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे गयेत त्याला गोळी घातली गेली. सीबीआयनं तपास करून ही लूटमारीतून झालेली हत्या असल्याचं म्हटलं आणि २०१० मध्ये तिघांना शिक्षा झाली. पत्राचा आणि खुनाचा संबंध न्यायालयात सिद्ध झालेला नाही, हे स्पष्ट लिहायला हवं. पण विनंती करूनही नाव गुप्त राहिलं नाही, हे तर कागदोपत्री आहे. त्या प्रवासातला एक मुक्काम एका माजी जनरलच्या मंत्रालयाचा होता. खंडुरींनी ते पत्र बघितलं की नाही हा मुद्दाच नाही. खालचा माणूस जिवावर उदार होऊन खरं लिहितो तेव्हा त्याचा कागद कसा हाताळायचा, हे ज्या खात्याला फौजी मंत्र्याच्या हाताखाली सगळ्यात आधी समजायला हवं होतं, त्यालाही ते समजलं नाही. मंत्री शिस्तीचा आहे एवढ्यानं खात्याच्या सवयी बदलत नाहीत.

२००७ मध्ये पक्षानं त्यांना उत्तराखंडात पाठवलं. आधीच्या नारायण दत्त तिवारी सरकारात लाल दिव्याच्या गाड्यांची खिरापत वाटली गेली होती आणि भाजपनं प्रचारात तोच मुद्दा तापवला होता. सत्तर जणांच्या विधानसभेत भाजपला निर्भेळ बहुमत मिळालं नाही. उत्तराखंड क्रांती दल आणि अपक्षांना घेऊन सरकार झालं. भाजपच्या आमदारांचा मोठा गट भगतसिंह कोश्यारींच्या मागं होता. हो, तेच कोश्यारी, पुढं आपल्या राजभवनावर आलेले. दिल्लीनं मात्र खंडुरींना बसवलं. ते खासदार होते, आमदारकी हवी होती. धुमाकोटची जागा त्यांच्यासाठी रिकामी केली ती तेजपालसिंह रावत यांनी, म्हणजे काँग्रेसच्या आमदारानं. रावत निवृत्त लेफ्टनंट जनरल. हुद्द्यानं वरच्या अधिकाऱ्यानं खालच्यासाठी, तेही विरोधी पक्षातून, जागा सोडावी आणि मग त्याच्या पक्षात येऊन त्याच्याच मोकळ्या झालेल्या लोकसभेच्या जागेवर निवडून जावं, ही कसरत कुठल्याही अकादमीत शिकवत नसावेत. वर्दी उतरली की माणूस राजकारणाच्या पाण्यात किती चटकन पोहायला लागतो, ते यावरून कळतं.

मुख्यमंत्री म्हणून खंडुरी स्वच्छ होते. त्यांच्यावर वैयक्तिक पैसे खाल्ल्याचा आरोप विरोधकही क्वचितच करत. तक्रार होती ती आमदारांची, स्वतःच्याच पक्षाच्या. साहेब भेटत नाहीत, भेटले तर ऐकत नाहीत, सगळा कारभार एक-दोन अधिकाऱ्यांच्या हातात आहे, आमचं साधं बदलीचं काम होत नाही.

शहरी वाचकाला हे वाचून आनंदच होईल. आमदारांच्या शिफारशी धुडकावणारा मुख्यमंत्री, अजून काय हवं? पण डोंगरातल्या मतदारसंघाचा विचार करा. सरासरी लाखाच्या आत मतदार, वाड्या विखुरलेल्या, शाळेत मास्तर टिकत नाही कारण प्रत्येकाला खाली डेहराडून-हल्द्वानीकडं यायचंय. दवाखान्याला डॉक्टर नाही. तिथल्या बाईला सचिवालय माहीत नसतं, आमदार माहीत असतो. आमदार बदलीसाठी फोन करतो तेव्हा दहातल्या काही वेळा तो मेहुण्याची सोय बघत असतो हे खरं. पण काही वेळा तो शाळेला दोन वर्षं मास्तर नाही हे सांगत असतो. त्याचा फोन हाही एक अहवाल असतो, ओबडधोबड, स्वार्थ मिसळलेला, पण जमिनीवरून आलेला. खंडुरींनी तो सगळाच ढवळाढवळ म्हणून बाजूला सारला. फौजेत खालून वर माहिती येण्याच्या वाटा ठरलेल्या असतात; राजकारणात ती वाट बहुतेकदा कुरकुरणाऱ्या आमदाराच्या तोंडूनच जाते, आणि ती बंद केली की राज्यकर्ता आंधळा होतो. २००९ च्या लोकसभेत उत्तराखंडातल्या पाचही जागा भाजपनं गमावल्या. खंडुरींना राजीनामा द्यावा लागला आणि रमेश पोखरियाल निशंक मुख्यमंत्री झाले.

पुढचा भाग आपल्या पक्षीय राजकारणाचं अस्सल चित्र आहे. निशंक सरकारवर गैरव्यवहाराचे आरोप झाले, दिल्लीत अण्णा हजारेंचं आंदोलन पेटलं, निवडणूक काही महिन्यांवर आली, तेव्हा सप्टेंबर २०११ मध्ये पक्षाला पुन्हा जनरलसाहेब आठवले. ज्यांच्या ताठपणाला कंटाळून घालवलं, त्यांनाच त्याच ताठपणासाठी परत आणलं. घोषणा दिली ‘खंडुरी है जरूरी’. मधल्या काळात कुणाला जरूर वाटली नव्हती.

त्या सहा महिन्यांत त्यांनी दोन कायदे केले, आणि माझ्या मते त्यांच्या मुख्यमंत्रिपदाचं खरं काम तेवढंच. पहिला लोकायुक्ताचा. १ नोव्हेंबर २०११ ला तो विधानसभेत मंजूर झाला, मुख्यमंत्र्यांनाही त्याच्या कक्षेत आणलं. एकेकाळी लष्करात ड्रायव्हर असलेल्या राळेगणच्या अण्णांच्या मंडळींनी त्याचं भरभरून कौतुक केलं. त्यात पाचर होतीच: मुख्यमंत्री, मंत्री किंवा आमदाराची चौकशी करायची तर लोकायुक्तांच्या सगळ्या सदस्यांचं एकमत हवं. तरीही त्या वेळी इतर राज्यांत जे चाललं होतं त्यापेक्षा हे पुष्कळ पुढचं होतं. दुसरा कायदा बदल्यांचा. नोकरीतला कोण किती वर्षं सुगम भागात राहणार आणि किती दुर्गम भागात, हे नियमानं ठरावं, आमदाराच्या चिठ्ठीनं नव्हे. आपल्याकडं २०१७ मध्ये जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांसाठी अवघड आणि सर्वसाधारण क्षेत्र अशी विभागणी झाली आणि त्यावरून किती रणं माजली, ते ग्रामीण शिक्षकांना विचारावं. उत्तराखंडात हे सहा वर्षं आधी कायद्यात लिहिलं गेलं होतं.

दोन्हींचं काय झालं? २०१२ ला भाजपला ३१ जागा मिळाल्या, काँग्रेसला ३२. एका जागेनं सत्ता गेली, आणि खुद्द खंडुरी कोटद्वारमधून पाच हजारांहून कमी मतांनी पडले. लॅन्सडाउनचा रस्ता जिथून वर चढतो तेच हे कोटद्वार. फौजींच्या दारात जनरल पडला. स्वपक्षातल्याच लोकांनी भितरघात केल्याची चर्चा तेव्हाही होती, आजही आहे. त्यांच्या जागी मुख्यमंत्री झाले ते काँग्रेसचे विजय बहुगुणा, खंडुरींच्या जवळच्या नात्यातलेच. नव्या सरकारनं बदल्यांचा कायदा गुंडाळला, लोकायुक्ताच्या कायद्याच्या जागी दुसरा आणला, आणि लोकायुक्ताची खुर्ची वर्षानुवर्षं रिकामी राहिली. भाजप परत सत्तेत आल्यावरही ती भरली नाही. बदल्यांचा कायदा २०१७ मध्ये नव्यानं झाला, पण त्यानंतर वर्षही उलटायच्या आत, २०१८ मध्ये, दुर्गम भागात वर्षानुवर्षं काढलेली एक विधवा शिक्षिका मुख्यमंत्र्यांच्या जनता दरबारात बदली मागताना चिडली, तर मुख्यमंत्र्यांनी तिथंच तिच्या निलंबनाचा हुकूम सोडला. खालून आलेल्या अहवालाची ही किंमत.

आता त्यांच्या आयुष्यातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग. २०१४ मध्ये ते गढवालमधून पुन्हा लोकसभेत गेले. वयाची ऐंशी गाठलेली, मंत्रिपदाचा प्रश्न नव्हता. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचं अध्यक्षपद मिळालं. अशा समित्यांकडं वर्तमानपत्रांचं लक्ष नसतं, खासदारांचंही बेताचंच. खंडुरींनी मात्र ती समिती फौजी मन लावून चालवली. मार्च २०१८ चा अहवाल काढून बघा. लष्कराचे उपप्रमुख लेफ्टनंट जनरल शरत चंद यांची साक्ष त्यात आहे. लष्कराकडं असलेल्या सामग्रीपैकी ६८ टक्के जुनाट, २४ टक्के चालू पिढीची आणि जेमतेम ८ टक्के अत्याधुनिक. खरं तर तिन्ही प्रकार साधारण एक तृतीयांश असायला हवेत. आधुनिकीकरणासाठी त्या वर्षी मिळाले २१,३३८ कोटी रुपये, आणि आधीच करार झालेल्या १२५ योजनांचे द्यायचे पैसेच होते २९,०३३ कोटी. नवी खरेदी सोडा, जुनी उधारीही भागत नव्हती. अर्थसंकल्पानं आमच्या आशांवर पाणी फिरवलं, अशा अर्थाचं उपप्रमुखांनी समितीसमोर सांगितलं, आणि समितीनं ते जसंच्या तसं छापलं.

सत्ताधारी पक्षाच्या खासदाराच्या अध्यक्षतेखाली, तेही राष्ट्रीय सुरक्षेच्या नावानं मतं मागणाऱ्या पक्षाच्या, निवडणूक वर्षावर आलेली असताना, हे संसदेत ठेवलं गेलं. माझ्या दृष्टीनं १९७१ नंतरची ही त्यांची सगळ्यात मोठी लष्करी कामगिरी. पूल तयार नाही, असं सॅपरनं लिहून दिलं.

सप्टेंबर २०१८ मध्ये समिती नव्यानं नेमली गेली आणि अध्यक्षपदी खंडुरींच्या जागी कलराज मिश्र आले. राहुल गांधींनी पुढच्या वर्षी डेहराडूनच्या सभेत, खरं बोलले म्हणून जनरलना काढलं, असा प्रचार केला; त्याच सभेत खंडुरींचे चिरंजीव काँग्रेसमध्ये गेले. (गढवालमधून ते हरले आणि पुढं भाजपमध्ये आले. कन्या भाजपमध्येच राहिल्या, २०२२ मध्ये वडील पडले होते त्याच कोटद्वारमधून जिंकून विधानसभा अध्यक्ष झाल्या. घराणेशाहीची लागण जनरलच्या घरालाही होते.) काढलं ते अहवालामुळंच, असा पुरावा माझ्याकडं नाही. या समित्यांची मुदत वर्षाचीच असते, आणि खंडुरी चौऱ्याऐंशीच्या उंबरठ्यावर होते. पण वयाचं कारण देणाऱ्यांनी एवढंही सांगावं की मिश्र त्या वेळी सत्याहत्तर वर्षांचे होते आणि पंचाहत्तरी ओलांडली म्हणून आदल्याच वर्षी मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते.

मराठी वाचकाला इथं लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात आठवायला हवेत. कोल्हापूरकडचा हा सेनानी पूर्व विभागाचा प्रमुख होता. चीन ईशान्येकडून कसा येईल आणि त्याला रोखायला काय लागेल, हे त्यांनी ऑक्टोबर १९५९ मध्ये लिहून वर पाठवलं. मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किला’ नावाचा सराव घेऊन तेच मांडलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी ते मनावर घेतलं नाही. १९६१ मध्ये लष्करप्रमुखपद दुसऱ्याला मिळालं, थोरात निवृत्त झाले, आणि पुढच्याच वर्षी नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, चीनसमोर जे व्हायचं ते झालं. पुढं महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या अध्यक्षपदावर त्यांनी काम केलं. त्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स अहवाल सरकारनं अजूनही अधिकृतपणे खुला केलेला नाही. काँग्रेस असो की भाजप, नावडता कागद कपाटात ठेवण्याच्या बाबतीत आपल्याकडं सर्वपक्षीय एकमत आहे.

आणि खरं लिहायला वर्दीच लागते, असंही नाही. निवृत्त सैनिकांच्या ‘वन रँक वन पेन्शन’च्या मागणीला बळ दिलं ते डिसेंबर २०११ मध्ये आलेल्या राज्यसभेच्या याचिका समितीच्या अहवालानं. त्या समितीचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, खंडुरींचे राज्यातले प्रतिस्पर्धी, ज्यांनी कधी वर्दी घातली नव्हती. महाराष्ट्रात त्यांनी राज्यपाल म्हणून जे बोलून ठेवलं त्याबद्दल माझ्या मनात राग आहे, पण तो अहवाल चांगला होता, आणि सातारा-कोल्हापूरच्या गावागावांतले पेन्शनर आजही त्याचं नाव घेतात.

म्हणून उद्या तुमच्या मतदारसंघात कुणी माजी कर्नल उभा राहिला तर त्याला शिस्तीबद्दल विचारू नका. सत्तेत असताना तुमच्याच पक्षाच्या मंत्र्याविरुद्ध काय लिहून द्याल आणि खालच्या कारकुनानं तुमच्याविरुद्ध लिहिलं तर त्याचं नाव कसं सांभाळाल, हे विचारा. आणि संसदेकडं एक साधी मागणी करा. स्थायी समित्यांची मुदत लोकसभेइतकी ठेवा, अध्यक्षाला मधेच बदलायचं तर समितीच्या बहुमतानं बदला, आणि संरक्षण समितीच्या अहवालावर वर्षातून निदान एक दिवस सभागृहात चर्चा सक्तीची करा. एवढं आधी झालं असतं, तर २०१८ च्या सप्टेंबरात जे घडलं ते वयामुळं की अहवालामुळं, हा वाद घालायची वेळच आली नसती.